ग्रीसची रेषा

हेमंतचा फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकलच्या वर्गात एका मुलावर ओरडत होते. त्यानं ब्युरेट न धुताच भरली होती, आणि अशा वेळी माझं तोंड एकदा सुटलं की ते आवरणं माझ्याही हातात राहत नाही. फोन वाजून बंद पडला, पुन्हा वाजला. शेवटी मी व्हरांड्यात जाऊन "काय रे, वर्ग चालू आहे ना माझा!" असं त्यालाही झापलं. मग तो म्हणाला, "ताई, नाना गयात…" दुपारचं जेवून जरा आडवे झाले, चहाला उठवायला गेलो तर उठलेच नाहीत, एवढंच त्यानं सांगितलं. हेमंत म्हणजे सरांचा पुतण्या, प्रकाशा या गावी सरांची पपईची आणि केळीची शेती तोच बघतो. मी वर्गात परत आले, त्या मुलाला म्हटलं, "धू आता नीट, मी बघतेय," आणि खरंच बघत उभी राहिले. त्याची ब्युरेट धुऊन होईपर्यंत मला रडू आलं नाही. नंतर स्टाफरूममध्ये जे आलं ते आलं.

प्राध्यापक सुदाम पाटील. प्रकाशाला आणि आसपासच्या गावांत ते 'नाना' होते, मला मात्र शेवटपर्यंत 'सर'च. तापीकाठच्या शेतकरी घरातला हा मुलगा शिकत शिकत दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत जाऊन पोचला, आयुष्यभर तिथं भौतिकशास्त्र केलं आणि निवृत्त झाल्यावर बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन सरळ गावी परतला. मी त्यांची विद्यार्थिनी. शहाद्याजवळच्या ज्या कॉलेजात मी आज रसायनशास्त्र शिकवते, लोणखेड्यात ज्या घरात राहते, नावामागे जे 'डॉक्टर' लागलंय, या सगळ्यात त्यांचा हात आहे. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. इतके दिवस लिहायला बसले की नुसता रागच यायचा. कुणावर ते विचारू नका. आज बसलेय, कारण गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, दिवशी जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि ते सांगायचं तर आधी बरंच मागचं सांगावं लागेल.

मी रूथ, चिंचपाड्याकडची, नवापूरच्या डोंगरातली. बाबांची भाताची आणि तुरीची थोडी शेती. एम.एस्सी. झाल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून त्या संस्थेत पीएच.डी.साठी अर्ज टाकला आणि मुलाखतीला बोलावणं आलं. टेबलापलीकडे पाच-सहा माणसं, सगळी इंग्रजीत बोलणारी, आणि मी खुर्चीच्या टोकावर. त्यातल्या एका जाड भिंगाच्या चष्मेवाल्यानं माझा अर्ज उलटापालटा करून बघितला आणि एकदम म्हणाला, "नंदुरबारनी शे का तू? कोनता गावनी?" मी चाटच पडले. इतक्या लांब, त्या गुळगुळीत फरशीच्या खोलीत अहिराणी! मी म्हटलं, "चिंचपाडा." ते खूश होऊन म्हणाले, "मंग आपली भाषा बोल ना, घाबरस काय?" आता माझा स्वभाव बघा. जागेची गरज मला, समोर एवढा मोठा माणूस, आणि मी म्हणते कशी, "सर, ती तुमची भाषा. आमच्या डोंगरात आम्ही वेगळं बोलतो. अहिराणी मी बाजारात शिकले." बाकीची मंडळी काय झालं म्हणून बघायला लागली. सर मात्र मोठ्यानं हसले आणि त्यांना इंग्रजीत म्हणाले की ही मुलगी चुकीचं बोललेलं खपवून घेत नाही, मला ही हवी. पुढं वर्षानुवर्षं ते माझ्याशी अहिराणीतच बोलले आणि मी मराठीत उत्तरं दिली. दोघांनीही हट्ट सोडला नाही.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगते, घाबरू नका, सरांनी माझ्या बाबांना जसं सांगितलं तसंच सांगते. एकदा नाताळात सर आणि शकुंतलाकाकू आमच्या घरी चिंचपाड्याला आले होते. अंगणात बाज टाकलेली, बाबा समोर उकिडवे बसलेले. बाबांनी विचारलं, "ही पोरगी तिकडं करते काय?" सर म्हणाले, "समजा पंगत बसली आहे आणि दोघांमागे एकच भाकर आहे. वातावरण गरम आहे, गडबड आहे, भाकर इतक्या झपाट्यानं इकडून तिकडे फिरतेय की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी अर्धी आली असंच वाटतं. आता हळूहळू गारठा वाढत गेला. सगळे गप्प झाले. मग काय होतं, एकाच्या ताटात जास्त राहते, शेजाऱ्याच्या ताटात कमी, त्याच्या शेजाऱ्याकडे पुन्हा जास्त… अशी ओळीनं वाटणी होते. लांबून बघणाऱ्याला पंगत तशीच दिसते. आम्ही प्रत्येकाच्या ताटात डोकावून बघतो." ही पंगत म्हणजे कार्बनच्या मोठ्या रेणूंचे थर, आणि भाकर म्हणजे विद्युतभार. याच घराण्यातले काही पदार्थ आणखी थंड केले, दाबले, की त्यांच्यातून वीज कसलाही अडथळा न येता वाहते, त्यांना अतिवाहक म्हणतात. जिथं ही वाटणी मोडायच्या बेतात असते तिथंच हे अतिवाहकतेचं प्रकरण पुष्कळदा सुरू होतं, म्हणून वाटणी कधी होते, कशी होते, हे कळायला हवं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याचा उपयोग काय?" सर म्हणाले, "आज तरी काहीच नाही." बाबा म्हणाले, "मग बरंय, भाऊबंदकी नाही होणार." सर ही गोष्ट पुढं प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, आणि दरवेळी माझे बाबा त्यात थोडे आणखी हुशार व्हायचे.

ताटात डोकावायचं साधन म्हणजे चुंबकीय अनुस्पंदन. दवाखान्यातलं एमआरआयचं मशीन असतं ना, त्याचंच भावंड. मोठ्या चुंबकात पदार्थ ठेवायचा, रेडिओलहरींची एक हाक मारायची, आणि आतल्या अणूंची केंद्रकं काय उत्तर देतात ते ऐकायचं. साधा कार्बन मुका असतो, म्हणून रेणूच्या अगदी मधोमध आम्ही एक जरा वजनदार कार्बन बसवायचो, तो बोलतो. सगळे रेणू सारखे असतील तर आलेखावर एक रेषा उमटते. वाटणी झाली, काहींकडे जास्त आणि काहींकडे कमी, की एकाच्या दोन रेषा होतात. रेणू बनवायचे आणि त्यांचे क्रिस्टल वाढवायचे हे माझं काम, ऐकायचं काम सरांचं. काचेच्या भांड्यात द्रावण, त्यात प्लॅटिनमच्या दोन तारा, आणि अगदी नावापुरती वीज. मग कित्येक आठवडे हात न लावता वाट बघायची. तारेवर काळे, चकचकीत, केसासारखे बारीक क्रिस्टल येतात, कुणी दार आपटलं तरी बिघडतात. मी दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'दार आपटाल तर माझ्याशी गाठ आहे.' तिथं मराठी वाचणारे आम्ही दोघंच. आणि दार आपटायची सवय सगळ्या मजल्यावर फक्त सरांना होती, त्यामुळं पाटी योग्य माणसाला पोचली. क्रिस्टल उचलायला चिमटा चालत नाही, तो मोडतो. मी माझाच एक केस काडीच्या टोकाला चिकटवून त्यानं उचलायचे. ते बघून सर म्हणायचे, "तुन्हा केसवर मन्हं सगळं काम टांगेल शे!"

आता मूळ गोष्टीकडे येते. मी तिथं जाण्याच्या पुष्कळ आधी सरांचा एक पेपर गाजला होता. अशाच एका पदार्थात त्यांनी वाटणी दाखवली होती: ठरावीक थंडीच्या खाली मुख्य रेषेच्या बाजूला एक नवी लहान रेषा उमटते, ती कमी भारवाल्या रेणूंची. त्या एका रेषेवर सरांचं नाव झालं. परदेशातली माणसं ते सरांचं काम म्हणून ओळखायची. माझा पीएच.डी.चा विषयही त्याच पदार्थाचा, म्हणजे त्या रेषेचाच पुढचा अभ्यास. नवं उपकरण आलं होतं, त्यात क्रिस्टल वेगवेगळ्या कोनांत फिरवता येत होता, पूर्वीच्यात ती सोय नव्हती. क्रिस्टल आत हलू नये म्हणून सर त्याला थोडं ग्रीस लावून बसवायचे. त्यांच्या गुरूंनी तसंच शिकवलं होतं. आम्हीही तसंच करत होतो; फिरवून बघणं अजून सुरू झालं नव्हतं, आणि ती लहान रेषा दरवेळी इमानदारीत येत होती.

एक दिवस ते ग्रीस पुसताना माझा सगळ्यात देखणा क्रिस्टल मोडला. इतके आठवडे जीव लावून वाढवलेला! मी त्या ग्रीसला येतील तेवढ्या भाषांत शिव्या घातल्या आणि पुढचा क्रिस्टल ग्रीस न लावता, बारीक काचेच्या नळीत नुसता सरकवून आत सोडला. थंड केला. मुख्य रेषा आली. लहान रेषा नाही. पुन्हा केलं, नाही. सरांनी आलेख बघितला आणि सहज म्हणाले, "क्रिस्टल खराब शे तुन्हा." बस्स! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा क्रिस्टल खराब? मी मनाशी ठरवलं की यंत्रच बिघडलंय हे यांना दाखवून देते. क्रिस्टल काढून टाकला, तो जिच्यात बसतो ती तारेची कॉइल रिकामी ठेवून मोजलं, काही नाही. मग कसं सुचलं कोण जाणे, क्रिस्टल न घालता नुसतंच ग्रीस लावलं आणि नेहमीसारखं थंड करत गेले… आणि ती आली. तीच जागा, तीच उंची, त्याच थंडीला. सरांची रेषा.

कारण नंतर कळलं आणि ते इतकं साधं होतं की डोकं आपटावंसं वाटलं. गारठा वाढला की क्रिस्टल सावकाश उत्तर देतो, म्हणून दोन हाकांमध्ये आम्ही जास्त वेळ थांबतो. ग्रीसमध्येही तसला बोलणारा कार्बन थोडा असतोच, तो फारच सुस्त, घाईघाईनं हाका मारल्या तर तोंड उघडत नाही. आम्ही थांबायला लागलो की त्यालाही बोलायला सवड मिळते. म्हणून थंडीतच ती रेषा उगवल्यासारखी वाटायची, अगदी वाटणी झाल्यासारखी.

तो आलेख हातात धरून मी खिडकीशी बसून राहिले. जिन्यावरून माणसं चढत-उतरत होती, कुणी चहाला बोलावलं, मी गेले नाही. मी फटकळ आहे, पण मूर्ख नाही. हे सांगितलं तर सरांचं आयुष्यभराचं नाव जातं. आणि माझा प्रबंध? तोही त्याच रेषेवर उभा, ती गेली की तोही कोसळला. शिवाय प्रबंधावर सही सरांचीच. त्यांनी मनात आणलं असतं तर मला तिकीट काढून चिंचपाड्याला धाडायला त्यांना काय वेळ लागणार होता? आणि न सांगावं तर… मुलाखतीत त्यांनी माझ्याबद्दल जे म्हटलं होतं ते आठवत राहिलं. मी उठले. त्यांच्या खोलीत जाऊन आधीचा आणि हा, असे दोन्ही आलेख टेबलावर ठेवले. ते बघून म्हणाले, "आली ना! यामा कोनता क्रिस्टल शे?" मी म्हटलं, "यात क्रिस्टल नाही, सर. नुसतं ग्रीस आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आरडाओरडा नाही, काही नाही. "परत कर. मन्हा समोर," इतकंच म्हणाले. मग त्यांनी स्वतः कॉइल धुतली, स्वतःच्या बोटानं ग्रीस लावलं, आणि आम्ही दोघं त्या पडद्यासमोर बसलो. थंडी वाढत गेली तशी रेषा हळूहळू वर आली. सर पुढं वाकून बघत होते. "हाई ते तीच शे…" ते म्हणाले, आणि आवाज असा होता की मी दुसरीकडे बघितलं. मग उठून गेले, आणि त्यानंतर काही दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत. लॅबमध्ये यायचे, मान खाली घालून जायचे. दारसुद्धा आपटत नव्हते, त्याची मला जास्त भीती वाटली. मी सामान बांधायला काढलं होतं, खरंच सांगते.

मग आमच्या गटाची आठवड्याची बैठक झाली. सर उभे राहिले, जुना पेपर आणि माझा आलेख शेजारी शेजारी लावले आणि म्हणाले, "ही माझी रेषा, आणि ही ग्रीसची. दोन्ही एकच आहेत. रूथनं शोधलं. मी हा पेपर मागे घेतोय." एक ज्येष्ठ सहकारी समजावायला लागले, म्हणाले, इतकी वर्षं झाली, कुणी शंका घेतली नाही, असू द्या की, पुढच्या कामात दुरुस्त करा हळूच. सर त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचे चिडलेले मी बघितले. "कुणी शंका घेतली नाही म्हणून ग्रीसचा क्रिस्टल होतो का?" असं म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला. पेपर मागे घेताना जे निवेदन छापून आलं त्यात त्यांनी माझं नाव पहिलं टाकलं, स्वतःचं नंतर. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाले, चूक माझी आहे म्हणून मी मागे, तू उगाच मध्ये बोलू नकोस. त्या वेळी एका मोठ्या समितीवर त्यांचं नाव जाणार अशी सगळीकडे चर्चा होती. ते गेलं नाही. त्याबद्दल एक अक्षरही मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

माझा प्रबंध मात्र खरंच कोसळला. मी काही संत नाही, मी जाऊन भांडले. म्हटलं, "सर, तुमचं नाव आहे, ते पुन्हा होईल. माझी एवढी वर्षं गेली त्याचं काय? घरी लग्नाचं बघताहेत, काय सांगू त्यांना?" ते ऐकून घेऊन म्हणाले, "तुन्हं जे गयं ते मी भरी दिसू." आणि भरून दिलं हो! त्या वयात, पदानं एवढा मोठा माणूस माझ्या रसायनाच्या खोलीत येऊन फ्लास्क धुवायचा. वेगळा पदार्थ निवडला. तो इतका लहरी की घाईनं थंड केला तर आतले भार वाटेल तिथं अडकून बसतात, वाटणी होतच नाही. अगदी मुंगीच्या पावलानं थंड करावा लागतो. सर तिथं खुर्ची टाकून बसायचे, आणि कुणी घाई केली की त्याला बाहेर काढायचे. ग्रीस नाही, काही नाही, क्रिस्टल काचेच्या नळीत. आणि एका दुपारी एका रेषेच्या सावकाश दोन रेषा झाल्या. आम्ही दोघंही लगेच हुरळलो नाही, कारण एकदा तोंड पोळलं होतं. सरांनी क्रिस्टल जरासा फिरवला. ग्रीसची रेषा कितीही फिरवा, जागची हलत नाही, क्रिस्टलच्या मात्र कोनाबरोबर हलायलाच हव्यात. पुन्हा मोजलं… "हालन्यात! रूथ, दोन्ही हालन्यात!" असं ओरडून ते बाहेर धावले आणि जाताना दार असं आपटलं की शेजारच्या भांड्यातले माझे क्रिस्टल तळाला गेले. त्या दिवशी मी त्यांना माफ केलं. ते काम अजून टिकून आहे, जगात इतरांनीही करून बघितलंय. त्याच कामावर माझा प्रबंध झाला.

गावी परतल्यावर ते अधूनमधून आमच्या कॉलेजात यायचे. शेतातली पपई पिशवीत घालून आणायचे, ती आधी शिपाईमामांना द्यायची, मग माझ्या वर्गात शिरायचं. सोबत त्या मागे घेतलेल्या पेपरच्या प्रती. मुलांना वाटायच्या आणि म्हणायचं, "चला, यात मन्ही चूक शोधा." मुलं आधी घाबरायची, एवढ्या मोठ्या माणसाची चूक कशी काढायची म्हणून, मग एकेक सुरू व्हायचं. कुणी म्हणायचं चुंबक कमी पडला, कुणी म्हणायचं गणित चुकलं. सर गालातल्या गालात हसत बसायचे. शेवटी एखादी मुलगी विचारायची, "सर, क्रिस्टल चिकटवला कशानं?" आणि सर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायचे. मी मागे उभी राहून बघायचे. मला तेव्हा वाटायचं, या माणसाला त्या खऱ्या रेषांपेक्षा त्या खोट्या रेषेचाच जास्त अभिमान आहे की काय! घरी, गावात मात्र त्यांनी यातलं काही सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. काकू मला बघितलं की "जेवनी का तू?" एवढंच विचारायच्या आणि ताट वाढायच्या. कामाचा विषय आमच्यात कधी निघालाच नाही.

गंधमुक्तीच्या दिवशी प्रकाशाला त्यांच्या अंगणात मांडव घातला होता. पुरुष एका बाजूला, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका दुसऱ्या बाजूला, मधोमध काकू. आणि भिंतीवर हेमंतनं लावलेला मोठा बॅनर: सरांचा फोटो, हार, आणि खाली ठळक अक्षरांत 'विद्युतभारांच्या वाटणीचा जगात पहिला शोध लावणारे प्रकाशाचे सुपुत्र'. त्याच्याखाली त्याच पेपरचं नाव. जुन्या कुठल्यातरी कात्रणातून बिचाऱ्यानं शोधून काढलं होतं, मोठ्या प्रेमानं. श्रद्धांजलीला एकेक जण उठत होता आणि बॅनरकडे बघून तेच वाचत होता. जी गोष्ट सरांनी स्वतःच्या हातानं पुसली ती त्यांच्या फोटोखाली… मला वाटलं, गप्प बस रूथ. दुसऱ्याच्या घरचा कार्यक्रम, तू डोंगरातली, देवळात न जाणारी, इथं तुझं काय? आणि काकू समोर बसलेल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नसेल तर? आजच्या दिवशी, सगळ्या भाऊबंदांसमोर, त्यांच्या माणसाची चूक मी काढायची?

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, दोन वाक्यं सरांच्या प्रेमळपणाबद्दल बोलले आणि मग माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "बॅनरवर लिहिलंय तो शोध खरा नव्हता. ती ग्रीसची रेषा होती." आणि सगळं सांगितलं. माझा मोडलेला क्रिस्टल, रिकामी कॉइल, ती बैठक, टेबलावर आपटलेला हात. काही माणसं एकमेकांकडे बघायला लागली, हेमंतचा चेहरा पडला. काकूंचा पदर कपाळाखाली उतरलेला, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. पुढच्या रांगेतले पांढऱ्या टोपीचे एक म्हातारे, सरांचे शाळेतले सोबती, त्यांनी मला थांबवलं. "म्हंजे नानानी काहीच शोधी काढं नही का?"

"काढलं ना आबा," मी म्हटलं, "खरी वाटणी नंतर सापडली, नव्या पदार्थात. ती आजही खरी आहे. आधीचं त्यांनी स्वतःहून मागे घेतलं. तसं केलं नसतं तर मी आज इथं डॉक्टर म्हणून उभी नसते, त्याच ग्रीसमध्ये चिकटून बसले असते." आबांनी बॅनरकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मंग हाई लिखा ना तठे!" आणि दोन-चार माणसं हसली. हसली खरी, पण काकू हलल्या नव्हत्या. त्या उठून आत निघून गेल्या.

पंगती उठल्यावर मी सरांच्या खोलीत काकूंकडे गेले. माफी मागायची असं ठरवलं होतं, जन्मात पहिल्यांदाच. टेबलावर त्यांचा चष्मा तसाच, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, खिडकीतून केळीच्या बागेचा हिरवा उजेड आत आलेला. काकू पलंगाच्या कडेला बसलेल्या. मी "काकू, मी…" म्हणते आहे तोवर हेमंत गुंडाळलेला बॅनर काखेत मारून दारात आला. डोळे लाल, पण हातात पेन आणि कागद. "ताई, दुसरा बनाडी लेसू," तो म्हणाला, "काय लिखू, सांगा." मी काकूंकडे बघितलं. त्यांनी सरांची खुर्ची ओढून मला बसायला दिली, आणि पुतण्याला म्हणाल्या,

"पहिले ते ग्रीसनं लिख. मंग बाकीनं."